मुळाशी काय सापडतं

कंधारकडे दाढ ठणकायली की आधी लवंग, मग मिश्री, आणि गाल सुजला की मगच डॉक्टर. दाढ निघते. मुळाच्या टोकाला लोंबणारी वाटाण्याएवढी गाठ बहुधा तिच्यासोबतच बादलीत जाते. तिकडच्याच एका शेतकऱ्याची गाठ मात्र अखंड, फॉर्मॅलिनच्या डबीतून लातूरच्या प्रयोगशाळेत आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सिस्ट?’ प्रश्नचिन्ह रास्तच, कारण एक्स-रेतली काळी सावली एवढंच सांगते की तिथलं हाड गेलंय. त्या जागी काय आलं, ते सांगत नाही.

दाढ सोबत असती तर ती आम्लात मऊ होण्यातच कैक दिवस गेले असते. नुसती गाठ म्हणून काम लवकर पुढे सरकलं. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने तिच्यातलं पाणी काढलं, झायलीनने अल्कोहोल काढलं, मग साठेक अंशांवर वितळलेलं मेण भरलं. गार ठोकळ्याचे मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनचे काप निघू लागले. एकाला एक चिकटलेल्या कापांची पट्टी तंत्रज्ञाने ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडली, तशा तिच्या सुरकुत्या उलगडल्या. “घाई केली की फाटायली,” तो म्हणाला. एवढ्या बारीक कामाला आपल्याकडे कुणी कौशल्य म्हणत नाही!

रंग दिल्यावर पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, तंतू गुलाबी. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचं भिंग फिरवलं. एका कडेला केंद्रक सरकलेल्या प्लाझ्मा पेशींची गर्दी, चरबीने फेसाळलेल्या पेशी, आणि मधेच सुईसारख्या पांढऱ्या फटी. तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते. ते प्रक्रियेतच विरघळले, आकार तेवढा उरला. अस्तराच्या पेशींचे धागेही होते, पण त्यांनी वेढलेली पोकळी कुठेच नव्हती. म्हणजे सिस्ट नाही, ग्रॅन्युलोमा: सुजेतून आलेली भरीव गाठ.

पी. एन. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी 1996 साली मुळांना चिकटलेल्या अशा 256 गाठी तपासल्या होत्या. त्यांत सिस्ट निघाल्या 15 टक्के, ग्रॅन्युलोमा निम्म्या, उरलेली गळवं. खरवडून आणलेल्या तुकड्यांवरून हा फरक नीट कळत नाही, अस्तर दिसलं की सिस्ट वाटते. आणि खरीच सिस्ट असेल, तर दाढ गेल्यावरही आत राहिलेलं अस्तर निवांत वाढत राहतं. क्वचित त्याच सावलीखाली ट्यूमरही निघतो.

म्हणून गाठ बादलीत टाकणं मला पटत नाही. झाकणाची डबी आणि गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन, पाठवणाऱ्याला एवढंच लागतं.