अंतोफागास्ताची बारा वर्षं

चिलीच्या उत्तरेला, अटाकामा वाळवंटाच्या कडेला अंतोफागास्ता हे बंदराचं शहर आहे. पाऊस नावालाच, त्यामुळे नळाला येईल तेच पाणी सगळ्यांनी प्यायचं. वाढत्या वस्तीसाठी १९५८ मध्ये अँडीजमधल्या तोकोन्से नदीचं पाणी आणलं गेलं. त्यात लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक, म्हणजे सोमल, होतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा आहे १०. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि प्रमाण झपाट्याने उतरलं. पाण्याचा प्रश्न तिथे बऱ्यापैकी सुटला, पण त्या बारा वर्षांत गर्भात असलेल्यांचा हिशेब पुढे कित्येक वर्षं उलगडत राहिला.

आर्सेनिक वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतं. त्या काळात गर्भमृत्यू आणि अर्भकमृत्यू वाढल्याचं नोंदींत दिसतं. मात्र जगलेल्या मुलांवर मोठेपणी काय परिणाम होतो, हे नीट माहीत नव्हतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते दाखवलं. त्या वर्षांत जन्मलेल्यांमध्ये तिशी ते पन्नाशीदरम्यान फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू उर्वरित चिलीच्या सुमारे सहापट होते आणि श्वासनलिका कायमच्या रुंदावणाऱ्या ब्राँकिएक्टॅसिसचे ४६ पट. हा दोष गर्भावस्थेचा की बालपणाचा, ही शंका रास्त आहे, कारण या मुलांनी जन्मानंतरही तेच पाणी प्यायलं. पण १९५८ च्या आधीच्या आठ वर्षांत जन्मलेल्यांना, ज्यांना ते पाणी बालपणातच मिळालं, ब्राँकिएक्टॅसिसचा धोका १२ पटच होता. कर्करोगात असा फरक दिसला नाही, हेही मान्य करायला हवं. ब्राँकिएक्टॅसिसमधल्या फरकासाठी धूम्रपानाला जबाबदार धरायचं, तर १९५८ नंतर जन्मलेल्या धाकट्यांनी आधी जन्मलेल्या थोरल्यांपेक्षा कितीतरी जास्त सिगारेटी ओढल्या असं मानावं लागेल.

इतकं विषारी पाणी आता कुठे, असंही म्हणता येईल. पण त्याच शहरात पाण्यातलं आर्सेनिक ४० मायक्रोग्रॅमवर आलं असताना बाळांचं सरासरी वजन चिलीतल्याच, कमी आर्सेनिकच्या वालपराइसो शहरापेक्षा ५७ ग्रॅमने कमी भरलं. हा फरक लहान आहे आणि योगायोगाची शक्यता त्यातून पुरती वगळता येत नाही. तरीही जन्माच्या वेळी बाळ ठीक दिसलं म्हणून पाणी निर्दोष ठरवण्याची रीत चुकीची, हे अंतोफागास्ताने दाखवून दिलं आहे. बंगालमध्ये, सीमेच्या दोन्ही बाजूंना, आर्सेनिकच्या कूपनलिकांवर पोसलेल्या मातांची मुलं आज त्याच तिशी-चाळिशीत आहेत. कूपनलिका बदलल्या तरी या मुलांच्या छातीची तपासणी चालू ठेवावी लागेल.