यिर्मयाच्या ग्रंथांतील राष्ट्रदंडवचनें व त्यांच्या दोन वाचना

बायबलांतील राष्ट्रांवरील दंडवचनांचे वाचक बहुधा दोन पक्षांत मोडतात. एक पक्ष वचन खरें ठरलें काय, एवढेंच पाहतो. दुसरा, तीं सर्व घटनेनंतर रचलेलीं असें गृहीत धरतो. पाठनिर्णयाकडे दोघांचेंहि दुर्लक्ष होतें. त्यावांचून अर्थनिर्णय होत नाहीं, हें यिर्मया भविष्यवाद्याच्या ग्रंथावरून दाखवितां येईल.

या ग्रंथाच्या दोन वाचना उपलब्ध आहेत. परंपरागत हिब्रू वाचनेची इ. स. १००८ मधील पूर्ण पोथी सेंट पीटर्सबर्ग येथें आहे. तींत दंडवचनें ग्रंथाच्या शेवटाकडे, अध्याय ४६ ते ५१ मध्यें, येतात. क्रम असा: मिसर, पलिष्टी, मवाब, अम्मोन, अदोम, दिमिष्क, केदार, एलाम व अखेर बाबेल. प्राचीन ग्रीक भाषांतरांत तींच वचनें ग्रंथाच्या मध्यें, २५ व्या अध्यायाच्या १३ व्या ओवीनंतर, येतात. आरंभीं एलाम, तिसरें बाबेल व शेवटीं मवाब. शिवाय ग्रीक ग्रंथ सुमारें सातव्या-आठव्या हिश्शानें लहान आहे.

ही काटछांट भाषांतरकारानें केली काय, अशी शंका पूर्वीं घेतली जात असे. १९५२ सालीं मृत समुद्रानजीक कुमरानच्या चौथ्या गुहेंत जीं पत्रखंडें मिळालीं, त्यांपैकीं एकावर १० व्या अध्यायाचा लघु पाठ हिब्रूंतच आहे. दीर्घ पाठाचीं खंडेंहि तेथेंच सांपडलीं. म्हणजे दोन्ही पाठ हिब्रूंत शेजारीं शेजारीं नांदत होते. अनेक अभ्यासक लघु वाचना पूर्वींची मानतात. ग्रंथवृद्धीची साक्ष ग्रंथांतहि आहे: ३६ व्या अध्यायानुसार यहोयाकीम राजानें पहिली गुंडाळी जाळली, तेव्हां बारूखानें दुसरी लिहिली व तींत तत्सम पुष्कळ वचनांची भर पडली.

आतां क्रमभेदानें अर्थ कसा पालटतो तें पाहूं. दीर्घ वाचनेंत बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाला देव 'माझा सेवक' म्हणतो (२५.९), लघु वाचनेंत तेथें हें पद नाहीं. पुढें सर्व राष्ट्रांना क्रोधाचा पेला पाजला जातो आणि दीर्घ वाचनेंत अखेरीस 'शेशखचा राजा' तो पितो. हिब्रू वर्णमालेंतील पहिल्या अक्षराबद्दल शेवटचें, दुसऱ्याबद्दल उपान्त्य, असें लिहिल्यास 'बाबेल'चें 'शेशख' होतें. हें कूटनामहि लघु वाचनेंत नाहीं. दंडाचें साधन झालेलें राष्ट्र शेवटीं स्वतःच दंडास पात्र होतें, हा सिद्धांत दीर्घ वाचनेच्या संपादकानें पद, कूट व क्रम या तिहींनीं ठसविला आहे.

राहिला कालनिर्णय. बाबेलवरील वचनांत मेदी राजांकडून नगराचा तट पडेल, वेशी जळतील व तें ओसाड होईल, असें म्हटलें आहे. प्रत्यक्षांत इ. स. पू. ५३९ मध्यें पारसीक कोरेशानें तें घेतलें. १८७९ सालीं सांपडलेला त्याचा मृण्मय लेख युद्धावांचून नगरप्रवेश झाल्याचें सांगतो. इ. स. पू. ३२३ मध्यें अलेक्झांडर मरण पावला तो याच नगरांत. घटनेनंतर रचणारा असा विसंवाद ठेवता ना. म्हणून वचनांचा गाभा ५३९ पूर्वींचा मानणें सयुक्तिक होय.

सारांश, एका पक्षाला जो विसंवाद अडचणीचा वाटतो, तोच दुसऱ्या पक्षाच्या गृहीताला बाध आणतो. हीं वचनें वृत्तांत नव्हेत, निवाडे आहेत. आणि निवाड्याचा अर्थ लावण्यापूर्वीं त्याची प्रत कोणती, हें विचारणें प्राप्त आहे.