शब्दांचा गुन्हा (भाग ९) : ‘तू’ म्हणाला, सबब...

आज मानहानी आणि अपमान यांतला फरक सांगणार होतो. टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीचा तुरुंग दाखवणाऱ्या कोल्हापूर प्रकरणाची टिपणंही काढली होती. पण द्रोणागिरीहून एका वाचकाचं पत्र आलं आणि टिपणं परत कपाटात गेली.

गृहस्थ घाटावरचे, द्रोणागिरीतल्या एका टॉवरमध्ये नवे राहायला आलेले. गाडी लावण्यावरून करंज्याच्या एका आजोबांशी त्यांची वाजली. आजोबा म्हणाले, “तुला काय कलतं रं?” चारचौघांत असं अरेतुरे केलं, तर कायद्याने तो अपमान होतो का, असा प्रश्न आहे.

उरणच्या कोर्टात उमेदवारी करत होतो तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यातल्या एका कोळ्याने न्यायाधीशांनाच सांगितलं होतं, “सायेब, तू लिव, मी सांगतो.” न्यायाधीश हसले आणि लिहू लागले. आगरी-कोळी घरांत बापालाही ‘तू’च म्हणतात. मग पाहुण्यांना वेगळं काय म्हणणार?

कायदाही साधारण असंच पाहतो. जुनं कलम ५०४, आता १ जुलै २०२४पासून न्याय संहितेचं ३५२. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१३ साली त्याचे घटक सांगितले: अपमान हेतुपुरस्सर हवा, तो समोरच्याला चिथावणारा हवा, आणि चिथावणीने शांतताभंग किंवा दुसरा गुन्हा घडावा असा बोलणाऱ्याचा उद्देश तरी हवा, नाहीतर तसं घडेल याची जाणीव तरी. नुसता उद्धटपणा पुरत नाही, हे २०२३च्या निकालात पुन्हा आलं. मोजमाप सामान्य माणसाचं. तुम्ही थंड डोक्याचे म्हणून बोलणारा सुटत नाही आणि तुम्ही हळवे म्हणून तो अडकतही नाही.

आता माझी आवडती आडवाट. हा गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे ठाण्यात एनसी होते आणि तीत ठरलेलं वाक्य पडतं: ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली.’ अर्वाच्य म्हणजे तोंडातून काढू नये असं. मग निवाडा करायचा तो न काढलेल्या शब्दाचा! उलटतपासणीत मी विचारायचो, “नेमकं काय म्हणाला?” की फिर्यादी खाली बघायचा. एका बाईंनी मात्र चिठ्ठीवर तो शब्द लिहून पुढे केला. माझा पक्षकार तिथेच अर्धा हरला. शब्दन् शब्द उतरवलाच पाहिजे असं नाही, फिर्याद सगळी मिळून वाचायची, असं त्याच २०१३च्या निकालात आहे. तरी माझा सल्ला एकच: लाज सोडा, शब्द लिहा. कोणत्या सुरात, कोणाला, कशावरून, तेही लिहा. बंदरात पहाटे बोट लागताना जी भाषा चालते ती कागदावर उतरवली, तर रोज खलाशामागे चार एनसी होतील. तिथे तिचा अर्थ ‘दोर ओढ’ एवढाच असतो.

तेव्हा पत्रलेखक महाशय, आजोबांच्या ‘तू’वर काही उभं राहत नाही.

पण तुमच्या पत्राला दुसरं पानही आहे. आपण किती संयमाने उत्तर दिलं, हे दाखवायला तुम्ही स्वतःचं वाक्य तिथे उतरवलंय: “आजोबा, तुम्ही लोक सिडकोला जमिनी विकून माजला आहात.” शुद्ध मराठी, आदरार्थी बहुवचन. त्या जमिनी संपादनात गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला गोळीबार झाला, उरण तालुक्यात पाच जण हुतात्मा झाले. आजोबांच्या वयाच्या माणसाला हे ऐकीव नसणार. उरणचा सामान्य माणूस त्या वाक्यावर काय करेल, ते तुम्हीच ठरवा.

आजोबांनी एनसी केलेली दिसत नाही. केलीच, तर अंमलदाराला ‘अर्वाच्य’ लिहिता येणार नाही, तुमचं वाक्यच लिहावं लागेल.

टिळक-आगरकर पुढच्या बुधवारी. बहुतेक.