डिफ लॉक घ्यायचाय? आधी काळी माती समजून घ्या

झरी जामणी तालुक्यात जूनचे दोन दमदार पाऊस झाले की पांदण रस्ते ओळखू येत नाहीत. उन्हाळाभर भेगाळलेली काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि नवाकोरा टायरही गुळगुळीत होऊन जातो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस सोयाबीनच्या काढणीत गाठतो तेव्हा पुन्हा तेच. मुकुटबन-पाटणच्या शिवारात किंवा कोलामांच्या पोडांकडे, म्हणजे वस्त्यांकडे, जाणाऱ्या वाटांवर गाडी फसणं काही नवलाचं नाही. म्हणून जुनी थार, गुरखा किंवा बोलेरो निओ बघायला गेलेला माणूस हमखास विचारतो, 'डिफ लॉक आहे का?' प्रश्न रास्त आहे. त्यामागच्या समजुती मात्र बऱ्याचदा चुकीच्या असतात आणि त्या महागात पडतात.

गैरसमज : फोर बाय फोर आहे म्हणजे चारही चाकं ओढतात.

फोर बाय फोरचा लिव्हर टाकला की ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलना जाते, एवढंच. प्रत्येक ॲक्सलवर डिफरेन्शियल, म्हणजे 'डिफ', असतो आणि तो साधा, म्हणजे 'ओपन' असेल तर पुढचं एक आणि मागचं एक चाक गरगर फिरत राहतं, गाडी जागची हलत नाही. हा डिफरेन्शियलचा दोष नव्हे. तो वळणासाठीच बनवलेला आहे. डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर असेल तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालतं, मग वळण लहान असो की मोठं. हा फरक डिफरेन्शियल सांभाळतो, म्हणून टायर घासत नाहीत आणि ॲक्सल पिळवटत नाही.

गैरसमज : लॉक लावला की ताकद दोन्ही चाकांना निम्मी-निम्मी मिळते.

खरं तर नेमकं उलटं आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो. निम्मी-निम्मी ताकद देतो तो ओपन डिफरेन्शियल. तो दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो, म्हणून निसरड्यावरच्या चाकाला जेवढा झेपेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. लॉक चाकांचा वेग सारखा करतो. मग ज्या चाकाला पकड आहे ते आपल्या पकडीपुरती ताकद खेचून घेतं.

आकडे धरून पाहू. मागच्या प्रत्येक चाकावर ४०० किलो भार आहे. एक चाक ओल्या चिखलात आहे, तिथे पकड भाराच्या दहा टक्के, म्हणजे ४० किलो ओढ. दुसरं कोरड्या मुरमावर आहे, तिथे साठ टक्के, म्हणजे २४० किलो. ओपन डिफरेन्शियल दोन्हीकडे ४० देणार, एकूण ८०. लॉक लावला तर ४० अधिक २४०, म्हणजे २८०. साडेतीन पट. १,८०० किलोची गाडी दहा टक्के चढावर न्यायला चढासाठीच १८० किलो ओढ लागते. त्यामुळे पहिल्या हिशेबात गाडी तिथेच राहते, दुसऱ्यात वर जाते.

आता दोन्ही चाकं चिखलात घ्या. लॉक नसताना ४० अधिक ४०, ऐंशी. लॉक लावल्यावरही ४० अधिक ४०, ऐंशीच! लॉक नवी पकड तयार करत नाही, असलेली पकड वापरू देतो. ओल्या काळ्या रानात सगळीच चाकं चिखलात असतात, त्यामुळे केवळ लॉकच्या भरवशावर रानात उतरणारी गाडी थोडी पुढे जाऊन जास्त खोल बसते. तिथे मोठ्या खोबणीचे टायर, १८-२० पीएसआयपर्यंत उतरवलेली हवा आणि हळू चाल हेच कामी येतं. डांबरी लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून गाडीत पंप हवाच.

ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्यांत गाडी उतरली आणि मधल्या उंचवट्यावर ॲक्सलचं हाउसिंग टेकलं, तर चाकांवरचा भारच जातो. भार नाही तर पकड नाही. अशा वेळी लॉकपेक्षा फावडं उपयोगी.

मग लॉक खरा कुठे लागतो? एक चाक मुरमाच्या कडेवर आणि दुसरं चिखलात असेल तिथे. दगडगोट्यांच्या नाल्यात. पावसाने कातरलेल्या, पोडाकडच्या चढावर, जिथे समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं अधांतरी होतात. ही जागा लॉकची, आणि आपल्या तालुक्यात ती भरपूर आहे.

गैरसमज : लॉक सगळे सारखेच.

नावं मिळतीजुळती असली तरी कामं वेगळी आहेत.

हाताने लावायचा लॉक सगळ्यात भरवशाचा. फोर्स गुरखात पुढे आणि मागे असे दोन्ही असतात. थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये आणि टोयोटा हायलक्समध्ये मागचा लॉक बटणावर लागतो. फसण्याआधीच, गाडी थांबवून किंवा अगदी रांगत असताना तो लावता येतो. चाक गरगरत असताना मात्र लावू नका, दात तुटतात.

दुसरा आपोआप लागणारा यांत्रिक लॉक. तो २०१५ नंतरच्या थारच्या काही मॉडेलांत आणि बोलेरो निओच्या एन१० ऑप्शन मॉडेलात आढळतो. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो स्वतःच जुळतो, वेग वाढला की सुटतो. चालकाला काही करावं लागत नाही. पण चाक आधी फिरल्याशिवाय तो लागत नाही, आणि काळ्या मातीत तेवढ्या वेळात चाकाने खड्डा केलेला असतो. अशी गाडी चालवताना ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवावा. घाबरून पाय काढला की लॉक सुटतो आणि सुरुवात पुन्हा पहिल्यापासून.

लिमिटेड स्लिप म्हणजे लॉक नव्हे. गिअरवर चालणारा प्रकार कमी पकडीच्या चाकाच्या काही पट ताकद दुसऱ्याला देतो. पण चाक हवेत असेल तर तिथली ताकद शून्य, आणि शून्याची कितीही पट शून्यच. ब्रेक हलका दाबून त्या चाकावर थोडा रोध आणला तर तो काम करू लागतो.

ब्रेकवर चालणारी इलेक्ट्रॉनिक सोय, जिमनीत असते तशी, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद पलीकडे ढकलते. तिला दिखाऊ म्हणून हिणवणं चूक आहे. छोट्या अडचणीत ती छान चालते. चिखलात बराच वेळ ताणली तर ब्रेक तापतात, हे लक्षात ठेवावं.

गैरसमज : लॉक कायम लावून ठेवला तर चिंताच नको.

ट्रॅक्टरवाल्यांना हे शिकवायला नको. टाचेजवळच्या पेडलने लॉक लागतो, सरळ तासात पाय ठेवायचा आणि धुऱ्यावर वळण्याआधी काढायचा. लॉक लावून वळवलं तर ट्रॅक्टर वळायला नकार देतो, आणि जोर केला तर क्राऊन-पिनियनवर किंवा ॲक्सलवर बेततं. पाय काढूनही लॉक सुटला नाही तर क्लच दाबून स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करावं, दातांवरचा ताण गेला की तो सुटतो. गाडीलाही हाच नियम, आणि पुढचा लॉक लावला तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

स्वस्तातला उपाय म्हणून काही ठिकाणी डिफरेन्शियलचे स्पायडर गिअर वेल्डिंग करून देतात. हे करू नका, अगदी कुणी फुकट करून दिलं तरी. ती गाडी शेतापुरती राहत नाही, बाजारालाही जाते. कोळशाच्या ट्रकांनी भरलेल्या वणी रस्त्यावर, पावसात, अशी गाडी वळणावर सरळ निघते आणि समोर ट्रक असतो.

रोज पोडांकडे, नाल्यातून, चढावर जायचं असेल तर मागचा, हाताने लावायचा लॉक घ्या. पुढच्या लॉकसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. महिन्यातून एखाद्या वेळी पांदणीने शेतात जाणाऱ्याने तेच पैसे चांगले टायर, पंप, फावडं आणि ओढायचा मजबूत पट्टा यांत घालावेत.

जुनी गाडी घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर टेका, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला. लॉक लावून एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर लॉक लागतोय. उलट दिशेने फिरलं तर तो लागत नाही, आणि मग लॉकचे पैसे देऊ नका. आपोआप लागणारा प्रकार असा हाताने तपासता येत नाही. तो बघायचा असेल तर गाडी एखाद्या नाल्यावर नेऊन, एक चाक चिखलात घालूनच सौदा करा.