तीन सेंटिमीटरचा हिशेब

नवी गाडी घरी आली की प्रत्येक घरात काहीतरी वेगळे घडते. कोणी पुढे लिंबू-मिरची बांधतो, कोणी मागच्या काचेवर कुलदैवताचे नाव लिहून घेतो. आमच्या चिरंजिवांची तऱ्हा निराळी. गाडी हाती आली की ती जमिनीला टेकेल इतकी बुटकी करावी, असे त्याला कॉलेजात असल्यापासून वाटत आले आहे.

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत ३४ वर्षे काढली. बसचे पाटे उतरवायचे, तुटलेला पाटा बदलायचा, पुन्हा चढवायचे. पन्नास माणसे, त्यांची बोचकी आणि टपावरचे टोपलेही त्या पाट्यांवर बसते, ही जाणीव हातांत मुरलेली. त्यामुळे गाडीची उंची ही शोभेची गोष्ट असते, हे मला कधी पटलेच नाही.

२००८ साली याच विषयावरून आमच्या घरात एक अबोला शिरला. घरात जुनी झेन होती. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एका गॅरेजमध्ये जाऊन त्याने मला न विचारता चारही स्प्रिंगांचे एकेक वेटोळे कापून घेतले. गाडी खाली बसली, मित्रांनी वाहवा केली. पुढच्याच आठवड्यात आम्ही कराडला लग्नाला निघालो. गाडी तो चालवत होता, मागे माझी आई आणि सौ. खंबाटकी घाटातल्या एका वळणावर डांबराचा उंचवटा आला. वेग फार नव्हता. पण मागचा भाग एकदा उसळला, खाली आपटला, पुन्हा उसळला आणि गाडी सरकत कठड्याला घासली. आईचा उजवा हात मनगटात मोडला. ती तेव्हा ७१ वर्षांची होती.

मी वाकून चाकामागे पाहिले, कापलेली स्प्रिंग दिसली. "यापुढे माझ्या गाडीला हात लावायचा नाही," एवढेच बोललो. त्याने तो शब्द पाळला. नोकरी लागली, लग्न झाले, तो जर्मनीला गेला. फोनवर हवापाणी, औषधे, नातवंडांचे दात, सगळे विषय निघत. गाडीचा विषय मात्र कधी निघाला नाही. आई २०१६ मध्ये गेली. शेवटपर्यंत तिला पोळी लाटताना मनगट वळवता येत नसे, आणि शेवटपर्यंत ती म्हणत असे, "रस्त्याचाच दोष रे."

टेबलावरची माहितीपत्रके

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे स्टुटगार्टजवळ त्याच्याकडे तीन महिने राहिलो. दारात २०१५ ची गोल्फ उभी होती, सेकंडहँड पण निगुतीने ठेवलेली. एका रात्री मुले झोपल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर चार-पाच माहितीपत्रके पसरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, स्प्रिंग आणि शॉकअप बदलायचेत. थोडी खाली घ्यायची आहे. तुम्ही बघाल का जरा?"

पंधरा वर्षांनी आलेला तो प्रश्न ऐकून सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. मी चष्मा पुसला आणि कागद ओढले.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना गाडीच्या खाली काय असते याच्याशी कर्तव्य नसते. पण ही गोष्ट समजायला सोपी आहे. चाकाला खड्डा लागला की धक्का आधी सोसते ती स्प्रिंग. ती दबते आणि धक्क्याचा जोर आपल्यात साठवते. पण साठवलेले ती परत देते, आणि एकदाच देऊन थांबत नाही. सोडून दिलेल्या झोपाळ्यासारखी गाडी वर-खाली होत राहते. हे नाचणे थांबवतो तो शॉकअॅब्सॉर्बर, म्हणजे आपल्या गॅरेजमधला 'शॉकअप'. नळकांड्यात तेल असते, त्यातून दट्ट्या सरकतो, बारीक भोकांतून तेल रेटले जाते आणि स्प्रिंगने साठवलेला जोर उष्णता होऊन विरून जातो. म्हणजे नाव फसवे आहे. धक्का झेलणारी स्प्रिंग, आणि तिला शांत करणारा शॉकअप.

म्हणूनच या दोघांची पत्रिका जुळावी लागते. साधी कुटुंबाची गाडी स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा डोलते. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली, तर डोलण्याची गती सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, कारण हिशेब वर्गमुळाचा आहे. मग नाचणे पूर्वीइतक्याच हेलकाव्यांत थांबायला शॉकअपची पकडही तेवढीच वाढवावी लागते. जुना, थकलेला शॉकअप ठेवून नुसती कडक स्प्रिंग टाकणे म्हणजे तापट माणसाच्या हाताखाली भित्रा कारकून देण्यासारखे आहे. आवरणार कोण?

उंची म्हणजे कर्ज

चिरंजिवांना हे सगळे ठाऊक होते. त्याचा प्रश्न होता, ३० मिलिमीटर खाली घ्यायची की ५०? मी नातीची पाटी मागून घेतली.

"समजा, चाकाला वर सरकायला आत्ता ८० मिलिमीटर जागा आहे," मी म्हणालो. "त्यानंतर रबराचा ठोकळा लागतो. गाडी ३० ने खाली आणलीस की उरले ५०. स्प्रिंग जो जोर साठवते तो अंतराच्या वर्गावर चालतो. ८० चा वर्ग ६४००, ५० चा २५००. स्प्रिंग ३० टक्के कडक घेतलीस, तर २५०० चे झाले ३२५०. म्हणजे कडक स्प्रिंग घालूनही तुझी गाडी पूर्वीच्या निम्माच धक्का झेलणार. बाकीचा रबरावर, म्हणजे तुमच्या मणक्यावर."

"आणि ५० ने घेतली तर?"

"उरले ३०. वर्ग ९००. पूर्वीइतका धक्का झेलायला स्प्रिंग सातपट कडक हवी. ती स्प्रिंग नव्हे, पहार."

आकडे मी समजुतीसाठी धरलेले होते. प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. पण तत्त्व सगळीकडे तेच. उंची कमी करणे म्हणजे चाकाच्या हालचालीतून काढलेले कर्ज आहे, आणि त्याचे व्याज सरळ हिशेबाने नव्हे, वर्गाने वाढते.

"मग खाली घ्यायचीच कशाला?" सूनबाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर वजन एका बाजूला कमी झुकते, सुकाणूला प्रतिसाद लवकर मिळतो, हे फायदे खरे आहेत. पण तेही थोड्या प्रमाणातच. पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीची रचना असलेल्या गाड्यांत फार खाली गेले की खालचा आडवा हात उलटा कलतो आणि गाडी वळणावर कमी कलण्याऐवजी जास्त कलू पाहते. ५० चा कागद चिरंजिवांनी स्वतःच बाजूला सारला.

मग आम्ही निवडीला बसलो. पहिला प्रश्न गाडीत बसणार कोण. चौघे, दोन बॅगा, कधी आम्ही म्हातारे. तिकडच्या स्प्रिंगच्या कागदावर कोणत्या आसावर किती भार चालेल हे छापलेले असते. ते गाडीच्या नोंदणीपत्राशी पडताळायचे. दुसरे, गोल्फच्या त्याच पिढीत मागच्या बाजूला दोन प्रकारच्या रचना येतात. कमी ताकदीच्या गाड्यांना साधा पिळाचा दांडा, जास्त ताकदीच्यांना अनेक दांड्यांची जुळणी. एकीची स्प्रिंग दुसरीला चालत नाही. तिसरे, पुढच्या शॉकअपच्या नळकांड्याचा व्यास ५० किंवा ५५ मिलिमीटर असू शकतो. तो मोजल्याशिवाय मागवायचे नाही.

चौथी गोष्ट महत्त्वाची. नेहमीच्या लांबीच्या शॉकअपवर आखूड स्प्रिंग टाकली की दोन दुखणी होतात. गाडी उभी असतानाच दट्ट्या तळाजवळ बसतो, आणि चाक हवेत लोंबले की स्प्रिंग बैठकीत सैल पडते, जागेवरून सरकूही शकते. म्हणून उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगसाठी मुद्दाम आखूड केलेले शॉकअप मिळतात. बिलस्टाइन या जर्मन कंपनीच्या मालात बी६ हा मूळ उंचीसाठी आणि बी८ हा खाली घेतलेल्या गाडीसाठी असतो. आयबाखच्या स्प्रिंग आणि बी८ शॉकअप असा जुळवलेला संचही एकत्र मिळतो. कोनी या डच कंपनीचे काही शॉकअप असे, की स्प्रिंग परत उसळतानाची पकड आपल्याला कमी-जास्त करता येते. आम्ही ३० मिलिमीटरचा जुळवलेला संच निवडला. घरच्या गाडीला बनवणाऱ्याने जुळवून दिलेली जोडी बरी. आपण कशाला मध्यस्थ व्हा?

माझा कबुलीजबाब

कागद आवरताना चिरंजीव म्हणाला, "बाबा, तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. नुसती छान दिसते म्हणून कापली. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की राहिलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते, हेसुद्धा नंतर वाचलं."

आता माझी पाळी होती. १५ वर्षे जे मी कोणाला सांगितले नव्हते, सौ.लाही नाही, ते त्या टेबलावर सांगितले. त्या झेनचे मागचे दोन्ही शॉकअप तेल गाळत होते. घाटातल्या त्या दिवसाआधी सहा महिन्यांपासून. मला दिसत होते. गाडीचा कोपरा दाबून सोडला तर ती एकदा वर येऊन थांबायला हवी. ती तीनदा डोलायची. दुसऱ्यांच्या बसचे कमान-पाटे तपासणारा मी, घरच्या गाडीला 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत राहिलो. कापलेली स्प्रिंग ही त्याची चूक होती. पण तिला आवरायला शॉकअप नव्हता, ही माझी. आणि मी सगळा दोष त्याच्या पदरात टाकून मोकळा झालो होतो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून त्याने चहा केला. रात्री साडेअकराला, तोही साखर घालून. एरवी माझी साखर तोच मोजतो.

तपासणीचा कागद

गॅरेजवाल्याने काम केले ते मी स्टूल टाकून पाहिले. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतका जोर असतो, म्हणून हे काम घरच्या अंगणात करू नये, हे आधी सांगतो. माझे मन जिंकले ते एका लहान गोष्टीने. रबरी बुशांचे बोल्ट त्याने गाडी हवेत असताना शेवटचे आवळले नाहीत. चाकांवर वजन येऊ दिले आणि मग आवळले. नाहीतर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. आमच्या कार्यशाळेतही नव्या पोरांना हेच शिकवावे लागे. भाषा येत नसल्याने मी नुसता अंगठा वर केला, त्याने पाना वर केला.

त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट, कारण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात आणि टायर आतून झिजतात. मग पुढचे दिवेही पुन्हा रोखावे लागले. आणि शेवटी अधिकृत तपासनिसाकडे. तिथे असे सुटे भाग प्रमाणपत्रासह येतात; ते बसवून गाडी दाखवायची, त्याने मोजमाप करून कागद द्यायचा. त्याशिवाय गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगीच धोक्यात येते. या तपासणी संस्थांचा उगम वाफेच्या बॉयलरांत आहे. मानहाइम येथे बॉयलर फुटल्यानंतर १८६६ मध्ये मालकांनीच एकत्र येऊन तपासणीची संस्था काढली. आधी स्फोट, मग शहाणपण. माणसाची रीत सगळीकडे सारखीच.

आपल्याकडची गोष्ट वेगळी, हे इथल्या तरुण वाचकांसाठी स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेला निकाल पाहता, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करायला आपल्याकडे मोकळीक नाही. शिवाय रस्ता काय म्हणतो तेही ऐकावे. आपल्या रस्ते-मानकांप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असावा. गल्लीतला गतिरोधक मानक वाचून जन्माला येत नाही, हे आपण सारे जाणतो. पाच माणसे बसलेली गाडी आधीच दबलेली असते; त्यातून आणखी तीन सेंटिमीटर काढून घेतले, तर पोटाला घासणारच. तेव्हा इथे करण्याजोगी एकच गोष्ट आहे, आणि ती कायदेशीर व स्वस्तही आहे. गाडीचा कोपरा दाबून बघा. ती डोलत राहिली तर दोन्ही बाजूंचे शॉकअप जोडीने बदला. पुढच्या महिन्यात नव्हे.

आम्ही परत निघण्याच्या आदल्या दिवशी चिरंजीव म्हणाला, "चला, एक चक्कर मारू." जुन्या गावातल्या दगडी रस्त्यावरून त्याने गाडी नेली, मग डोंगरातल्या वळणावर. एका ठिकाणी रस्त्याला उंचवटा होता. मी नकळत दाराचे कडे धरले. गाडी उंचवट्यावर चढली, एकदाच खाली आली आणि गप्प राहिली.

"कशी वाटली?" त्याने विचारले.

"तुझी आजी मागे बसली असती," मी म्हणालो, "तर तिची झोप मोडली नसती."

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने मी कडे सोडले आणि हात मांडीवर ठेवला.