पुढची स्प्रिंग : उंचीचा आणि भाराचा हिशेब

भोकरदनहून सिल्लोडच्या किंवा जालन्याच्या रस्त्याला लागले की पिकअप गाड्यांच्या दोन ढबी नजरेत भरतात. बहुतेक गाड्या मागून उचललेल्या असतात : जादा पाटे घातलेले, शेपटी वर, नाक खाली. मोजक्या गाड्या मात्र पुढून मुद्दाम खाली बसवलेल्या असतात. ती तरुण मालकांची हौस. पहिली तऱ्हा पोटासाठी, दुसरी रुबाबासाठी. दोन्हींच्या मागे समजूत मात्र एकच आहे : स्प्रिंग म्हणजे गाडीची उंची ठरवणारा ठोकळा, कापला की गाडी खाली, वाढवला की वर. ही समजूत कुठे चुकते आणि त्या चुकीची किंमत कोण मोजते, हे या लेखात मांडायचे आहे.

भार वाहणे या गावाला नवे नाही. केळणेकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आहे, आणि १९७३च्या उत्खननात शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी येथील सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. व्यापारी मार्गावरच्या या गावातून माल जात होता तो बैलगाडीने. बैलगाडीचा सांगाडा थेट आसावर बसतो. खड्ड्याचा हिसका आसाला, आसाचा सांगाड्याला आणि सांगाड्याचा माणसाच्या मणक्याला. पुढे टांग्याला ‘कमान’ आली. फारसीत कमान म्हणजे धनुष्य, आणि धनुष्य ही माणसाने वापरलेली फार जुनी स्प्रिंगच आहे. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचल्या की पाटे झाले. पोलादाची सळई गुंडाळली की कॉइल स्प्रिंग झाली. बोलेरो जीपला पुढे कॉइल आणि मागे पाटे असतात. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसला पुढेही पाटेच.

स्प्रिंगचा मूळ नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाचा. १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला : जितका भार, तितका दाब. भार दुप्पट केला की स्प्रिंग दुप्पट दबते. किती भाराला किती दबायचे, हा प्रत्येक स्प्रिंगचा ताठपणा. कॉइल स्प्रिंगचा ताठपणा तीन गोष्टींवर ठरतो : सळईची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या. यांपैकी जाडीचा प्रभाव विलक्षण आहे, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. १८ मिलिमीटरऐवजी १७ मिलिमीटरची सळई घेतली तर डोळ्यांना फरक जाणवणार नाही, पण स्प्रिंग सुमारे २० टक्क्यांनी मऊ होईल.

आता वेढा कापल्यावर काय होते ते उदाहरणाने पाहू. समजा, एका स्प्रिंगवर ९०० किलो भार आहे, तिचे काम करणारे वेढे ७ आहेत आणि ती दर १५ किलोला १ मिलिमीटर दबते. म्हणजे गाडी उभी असताना ती ६० मिलिमीटर दबलेली आहे. दोन वेढ्यांतले अंतर ४५ मिलिमीटर धरू आणि एक वेढा कापू. उरले ६. वेढे कमी झाले म्हणून स्प्रिंग मऊ होईल असे वाटते, होते उलटे. भार वाटून घ्यायला सळईची लांबी कमी उरल्यामुळे ताठपणा सातास सहा या प्रमाणात वाढून साडेसतरा होतो. त्याच ९०० किलोंनी ती आता सुमारे ५१ मिलिमीटरच दबते. कापले ४५, उतरले ३६.

पण चाकापाशी हिशेब पुन्हा बदलतो. स्प्रिंग चाकावर बसलेली नसते. चाक आणि चासी यांना जोडणाऱ्या आर्मच्या साधारण मध्यावर असते. दाराच्या मध्याला हात लावून ते वीतभर ढकलले तर कडेचे टोक दोन विती सरकते, तसेच येथे. स्प्रिंगपाशी ३६ मिलिमीटर, तर चाकापाशी सुमारे ७२, म्हणजे जवळजवळ तीन इंच. एक वेढा कापायला निघालेल्याच्या मनात बहुधा इंचभरच असते.

म्हणून जाणकार गॅरेजवाला स्प्रिंग कापत नाही, बदलतो. कमी उंचीची स्प्रिंग त्या गाडीच्या पुढच्या भारासाठीच घडवलेली असावी लागते : लांबी कमी, पण ताठपणा हिशेबाने वाढवलेला, म्हणजे उरलेल्या थोड्या जागेत खड्डा पचला पाहिजे. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे तर सर्वांत वाईट. स्प्रिंगचे पोलाद लाल करून विझवलेले आणि पुन्हा मोजक्या उष्णतेने पाणी दिलेले असते. त्या संस्कारामुळेच ते वाकून परत येते. जालन्याच्या कारखान्यांत तयार होणारी बांधकामाची सळई मिस्त्री वाकवतो तेव्हा ती वाकलेलीच राहते, आणि तिथे तेच हवे असते. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंगचा संस्कार गेला की तिचाही प्रवास त्या सळईच्या दिशेने सुरू होतो.

बदलण्याचे काम दिसते सोपे. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना ठोकळे, चासीखाली भक्कम स्टँड. मग चाक, शॉकॲब्सॉर्बर आणि बॉल जॉइंट मोकळे करून आर्म हळूहळू खाली सोडायचा. धोका याच क्षणी असतो. वरच्या उदाहरणातली स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबलेली असेल, तर तिच्यात साठलेली शक्ती ५० किलोचे पोते सव्वातीन मीटरपेक्षा थोड्या अधिक उंचीवरून पडताना असते तितकी असते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय या कामाला हात घालू नये. नवी स्प्रिंग बसल्यावरही काम संपत नाही. आर्मचा कोन बदलल्यामुळे चाकांचे माथे आत झुकतात, टायर आतल्या कडेने झिजतात. म्हणून व्हील अलाइनमेंट अटळ. जुना लांब शॉकॲब्सॉर्बर तळाला आदळतो. हेडलाइटचा झोत खाली येतो. आणि रस्ता आपलाच असतो : इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधकही १०० मिलिमीटर उंच आहे, गावोगावचे तर कोणत्याच मानकात बसत नाहीत.

गाडी खाली बसवण्याची हौस जिथे संस्कृती झाली, ते अमेरिकेतले कॅलिफोर्निया. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी वाळूची पोती टाकून, स्प्रिंग कापून गाड्या खाली आणल्या आणि रस्त्यावरून मुद्दाम संथ चालवल्या. चाकाच्या रिमपेक्षा खाली येणाऱ्या गाड्यांवर १९५८ मध्ये बंदी आली. १९५९ मध्ये रॉन अगिरे या तरुणाने हायड्रॉलिक पंप बसवून त्यावर तोड काढली : पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. ती बंदी १ जानेवारी २०२४ पासून उठली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

तरीही आपल्या भागातली खरी काळजी खाली बसवलेल्या मूठभर गाड्यांची नाही. हाच हिशेब उलट्या बाजूने चुकतो तो जादा पाट्यांत. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची घेऊन निघालेली पिकअप पाटे वाढवल्यामुळे बसत नाही, म्हणून मालकाला वाटते की गाडीची ताकद वाढली. वाढला असतो फक्त पाट्यांचा ताठपणा. ब्रेक, टायर, बेअरिंग, आस, चासी होते तेवढेच असतात. त्यातच अनेक मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो वजन मोजत नाही. आस आणि चासी यांच्यातले अंतर पाहतो. अंतर कमी, म्हणजे गाडी भरलेली, म्हणून मागचा ब्रेक जोरात. अंतर जास्त, म्हणजे गाडी रिकामी, म्हणून ब्रेक हलका. जादा पाट्यांनी शेपटी उचलून धरली की पूर्ण भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मिरचीच्या पोत्यांसह, आणि लग्नसराईत माणसांसह, ती उतारावर जाते तेव्हा मागची चाके हवी तेवढी थांबवतच नाहीत.

म्हणून स्प्रिंग कापण्याआधी किंवा पाटा वाढवण्याआधी गॅरेजवाल्याला तीन प्रश्न विचारावेत : पुढच्या-मागच्या चाकांवर किती भार येतो, नव्या स्प्रिंगचा ताठपणा किती, आणि मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह नव्या उंचीला जुळवणार का? ‘काही होत नाही’ हे उत्तर मिळाले, तर गाडी आहे त्या उंचीवर घरी न्यावी.