सातबाऱ्यावरून नाव गेलं, म्हणजे हक्क गेला?

वडिलांचं तेरावं उरकलं की भाऊ म्हणतो, ‘ताई, वारस नोंदीला सही लागतेय, तालुक्याला जाऊन येऊ.’ ताई जाते. तिथं तिचा फोटो काढतात, अंगठा घेतात. दोन-तीन वर्षांनी जमीन विकल्याचं कानावर येतं आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. महाराष्ट्रात गावोगाव हे घडतं. नाव गेलं म्हणजे सगळंच गेलं, असं समजून अनेकजणी तिथंच थांबतात. त्यांनी थांबू नये.

गैरसमज : सातबाऱ्यावर ज्याचं नाव, तोच मालक.

वस्तुस्थिती : सातबारा हा महसुली अभिलेख आहे. नुसत्या फेरफाराने मालकी मिळत नाही, जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात ठरतो. म्हणून आधी शोधायचा तो फेरफार क्रमांक, ज्याने नाव कमी झालं. त्याची नक्कल सोबतच्या कागदांसह काढा. नोटीस कुणी घेतली, सह्या कुणाच्या, नोंद कशाच्या आधारावर झाली, हे त्यात दिसतं. घरातल्या घरात साध्या कागदावर लिहून घेतलेल्या हक्कसोडीवर नाव कमी केलं असेल, तर तो आधारच कच्चा आहे. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. अशा नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करता येतं. मुदत उलटली असेल तर सबळ कारण देऊन विलंबमाफी मागता येते.

गैरसमज : लग्नात खर्च केला, आता मुलीचा वाटा कसला?

वस्तुस्थिती : लग्नाच्या खर्चाने वाटा फिटत नाही. हिंदू वारसा कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात नव्हते, तरीही; विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी तसा निकाल झाला. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या आणि विक्री यांना यामुळे धक्का लागत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत वेगळी. ती ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो.

गैरसमज : सही आपलीच आहे, आता काही होणार नाही.

वस्तुस्थिती : फसवून घेतलेल्या सहीचा दस्त न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. पण ‘मी वाचलं नव्हतं’ एवढ्याने भागत नाही. काय सांगून नेलं, कागद वाचून दाखवला का, मोबदला खरंच मिळाला का, हे पुराव्याने मांडावं लागतं. आणि एक खूण प्रत्येक बहिणीने लक्षात ठेवावी : वारस नोंद तलाठ्याकडे अर्ज देऊन होते, त्यासाठी दुय्यम निबंधकासमोर फोटो-अंगठा द्यावा लागत नाही. तिथं नेलं, तर दस्ताचं नाव वाचल्याशिवाय सही करू नका.

गैरसमज : पोलिसांत तक्रार दिली की जमीन परत मिळते.

वस्तुस्थिती : खोटी सही, तोतया माणूस उभा करणं, बनावट मृत्युपत्र हे गुन्हे आहेत, तक्रार जरूर द्या. मात्र त्यातून शिक्षा होते, वाटा मिळत नाही. दस्त रद्द करणं, वाटप आणि ताबा यांसाठी दिवाणी दावाच लागतो. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. दावा लावल्यावर त्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ती नोंदवलेली नसेल, तर दावा चालू असताना जमीन घेणारा त्या निकालाच्या बंधनातून निसटू पाहतो.

दस्त रद्द करण्याच्या दाव्याची मुदत फसवणूक कळल्यापासून 3 वर्षं आहे. तेव्हा नक्कल हाती आली त्या दिवसाची पावती जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकिलाला भेटा.